जेठात पाहिलेली खदान

शरयूताई खानझोडे ऑफिसात आहेत की दौऱ्यावर, हे फाटकातूनच कळायचं. आत असल्या तर त्यांचे पांढरे कॅनव्हासचे बूट व्हरांड्याच्या कठड्यावर वाळत असायचे आणि ताई अनवाणी टेबलाशी बसून लिहीत असायच्या. वर सुती साडी, खाली शाळकरी पोरांचे पी.टी.चे बूट, असा त्यांचा वेष. नवीन आलेला शिपाई ते बूट पाहून तोंड दाबून हसला होता. ताई म्हणाल्या, "हसून घे बाप्पा. आज आपल्याले कचऱ्यावर चालाचं आहे. तुह्या चपलेनं तू किती दूर येतं ते पाहतेच मी." संध्याकाळी तो बिचारा एका पायात चप्पल घालून परत आला. दुसऱ्या दिवशी बाजारातून त्यानं तसलेच बूट आणले आणि ताईंनी त्याला चहा पाजला.

नवीन राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, तेव्हाची ही गोष्ट. हवा, पाणी आणि कचरा यांवर सरकारची नजर ठेवणारं आमचं खातं एका भाड्याच्या बंगल्यात उघडलं. पाटी आधी लागली, खुर्च्या मागाहून आल्या. फायली भोपाळहून पत्र्याच्या ट्रंकांतून आल्या. मी तिथे केमिस्ट होतो, आणि माझी प्रयोगशाळा म्हणजे त्या बंगल्याचं स्वयंपाकघर. ओट्यावर बाटल्या आणि फडताळात अॅसिड. ताई आमच्या क्षेत्रीय अधिकारी. शहराचा कचरा कुठे टाकायचा, कारखान्याची राख कुठे जाईल, दवाखान्याच्या सुया कोण नेईल, याची परवानगी द्यायची, जाऊन तपासायचं आणि चुकलं तर नोटीस काढायची, हे त्यांचं काम. ऑफिस त्यांना मॅडम म्हणे. मी मराठी, म्हणून ताई म्हणायची मुभा मला होती, आणि त्या मला नावानं न हाकारता 'केमिस्ट' म्हणायच्या.

त्यांचे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. यजमान फार लवकर गेले होते. त्याबद्दल त्या बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू. चौबे कॉलोनीत भावाच्या घरी वरच्या खोलीत त्या राहायच्या. खालून पुतण्या "बुआ, खाना लग गया" म्हणून ओरडायचा, त्या वरून "आली रे" म्हणायच्या. दोघांचं असं दोन भाषांत उत्तम चाललेलं असे.

राजधानी झाल्याचा आनंद गावात मावत नव्हता. रोज नवं हॉटेल, नवा नर्सिंग होम, नवा बंगला. साहेब लोक भेटले की एकमेकांना "अब तो राजधानी हो गई" म्हणून पेढे द्यायचे. ताई पेढा घ्यायच्या आणि म्हणायच्या, "झाली न राजधानी. आता कचराही राजधानीचाच येईन."

तपासणीची त्यांची रीत वेगळी होती. सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यांची धूळ पाहायला गेलं की बाकीचे अधिकारी फाटकातून आत जायचे. आपली जीप लांबून दिसली की कारखानेवाले धूळ पकडायची यंत्रं सुरू करतात आणि पाठ फिरली की बंद करतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ताई जीप मागच्या गावात घालायच्या. तिथे अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेली धोतरं, लुगडी पाहायच्या. पांढऱ्या धोतरावरून बोट फिरवायच्या आणि घरच्या बाईला विचारायच्या, "कब धोए रहे?" सकाळी धुतलेलं धोतर दुपारी काळं असलं की मग त्या फाटकावर जायच्या. मॅनेजर चहा घेऊन धावायचा. "चहा नको. तुमचं मशीन कधी बंद होतं, ते गावातल्या दोरीवर वाळून राहिलं आहे. नोटीस उद्या येईन." कारखान्याचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. आम्ही त्यांच्यासोबत असलो की आम्हालाही घेता येत नसे, आणि थंडीच्या दिवसांत याचा मला मनापासून राग यायचा.

आपल्या माणसांनाही सुटका नव्हती. भोसल्यांच्या काळापासून इथे राहिलेल्या एका जुन्या घराण्यातल्या डॉक्टरांचा नर्सिंग होम होता. त्यांच्या सुया आणि रक्ताचे बोळे गल्लीच्या कचरापेटीत सापडले. ताई जाऊन त्यांच्या बाहेरच्या बाकावर रोग्यांच्या रांगेत बसल्या. डॉक्टर आले, हात जोडले, म्हणाले, "अहो ताई, आपण घरची माणसं. मराठी मंडळाच्या गणपतीत दरसाल भेटतो. एवढ्याशासाठी तुम्ही काहून आल्या?" ताई म्हणाल्या, "गणपतीत येईन न. तुमच्या बाजूले उभी राहून आरती म्हणीन. पण नोटीस बी तुमालेच देईन." नोटीस गेली. त्या वर्षी गणपतीत ताई खरंच त्यांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात आरती म्हणाल्या. डॉक्टरांचा आवाज मात्र कोणाला ऐकू आला नाही. मंडळाच्या बायका तर त्यांना इतक्या भ्यायच्या की हळदीकुंकवाला ताई येणार कळलं की आधी कचऱ्याचा डबा मागच्या अंगणात जायचा.

असं सगळं हसण्यासारखं पुष्कळ आहे. पण ताई आठवल्या की मला आधी आठवते ती खदान.

भनपुरीच्या पलीकडे, ट्रकांचे अड्डे संपले की एक जुनी दगडाची खदान होती आणि तिच्या उताराला वस्ती, खदानपारा. पारा म्हणजे इकडची वाडी. नव्या राज्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात शहराच्या कचऱ्याला जागा हवी होती, आणि पावसाआधी हवी होती. ताई पाहणीला गेल्या, मीही होतो. जेठाचं, म्हणजे ज्येष्ठ महिन्यातलं ऊन. खदान ठणठणीत कोरडी, तळाशी शेळ्या चरत होत्या. बाकीचे काठावर छत्री धरून उभे राहिले, पण ताई तळापर्यंत उतरल्या, दगड उलथवून खालची माती हातात चोळून पाहिली. ओल नव्हती. त्यांनी अहवालात लिहिलं की खदान कोरडी आहे आणि जवळच्या विहिरींशी तिचा काही संबंध नाही. परवानगी मिळाली. कचऱ्याच्या ठेकेदाराचे ट्रक सुरू झाले.

आता याच्यात चूक काय, असं कोणीही म्हणेल. चूक आमच्या सगळ्या खात्याच्या सवयीत होती. इकडची काळी कन्हार माती पावसात अशी फुगते की जीप चाकापर्यंत रुतते. म्हणून दौरे उन्हाळ्यात, कागदपत्रं पावसाळ्यात, हा आमचा परिपाठच होता. आमच्या खात्यानं छत्तीसगडच्या सगळ्या जमिनी फक्त उन्हाळ्यात पाहिल्या होत्या. ज्या देशात पाऊस पडला की शेताचं तळं होतं, तिथे पाण्याची तपासणी आम्ही पाणी नसताना करत होतो. याचं त्यावेळी आम्हाला कोणालाच काही वाटलं नाही.

पुढे काही वर्षांनी, श्रावणात, एक म्हातारी ऑफिसात आली. फुलेश्वरी दाई तिचं नाव, खदानपाऱ्याची. हातात पितळी लोटा, त्यावर पळसाचं पान. शिपाई आत सोडेना. ताईंनी आवाज ऐकला आणि स्वतः उठून बाहेर गेल्या. दाई म्हणाली, "मैडम, बासी नइ खवावत हे. पानी गंधावत हे."

रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खायचा, ती बासी. इथल्या गरिबाचं पोट तिच्यावर चालतं. ज्या विहिरीच्या पाण्यात बासी नासते ती विहीर माणसाच्या उपयोगाची राहिली नाही, हे सांगायला केमिस्ट लागत नाही. तरी ताईंनी लोटा माझ्या ओट्यावर आणून ठेवला. "पाह्य," एवढंच म्हणाल्या. मी पाहिलं. जे निघालं ते चांगलं नव्हतं.

ताई त्याच दिवशी निघाल्या. जीप अर्ध्या वाटेत रुतली, पुढे आम्ही चिखल तुडवत गेलो. खदान काठोकाठ भरली होती. काळं पाणी, त्यावर तरंगणारा शहराचा कचरा, आणि उताराच्या बाजूनं दगडाच्या भेगांतून पाझरत पाऱ्याकडे चाललेली बारीक धार. ताई त्या धारेजवळ उकिडव्या बसल्या. बराच वेळ उठल्याच नाहीत. मला वाटलं भोवळ आली, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. "तवा मी इथंच उभी होती रे," म्हणाल्या, "याच जागेवर."

त्या सुमारास दोन गोष्टी एकदम चालल्या होत्या. ताईंचं नाव खात्याच्या सगळ्यात वरच्या खुर्चीसाठी गेलं होतं. बाईमाणूस, इथलीच, इतकी वर्षं स्वच्छ काम केलेली. सगळे धरूनच चालले होते. आणि ठेकेदाराला शेजारची दुसरी खदान हवी होती. पहिली भरत आली होती. त्यासाठी गावासमोर जनसुनवाई व्हायची होती, म्हणजे मांडव टाकून लोकांना विचारायचं की तुमची हरकत आहे का. ठेकेदाराचा सगळा आधार ताईंच्याच जुन्या अहवालावर होता: त्याच जातीचा दगड, त्याच उताराची जमीन, आणि सरकारी अधिकाऱ्यानं एकदा लिहून दिलेलं आहे की विहिरींशी संबंध नाही.

आमचे वरिष्ठ समजूतदार होते. त्यांनी ताईंना बोलावून सांगितलं, "इतना लिख दीजिए कि परिस्थिति बदल गई है. बारिश ज्यादा हुई. आपकी रिपोर्ट पर आंच नहीं आएगी, पाऱ्याला टँकर देऊ, दुसऱ्या खदानीला खाली प्लास्टिक अंथरायची अट घालू." ते अर्धं मराठीत बोलले ते ताईंना बरं वाटावं म्हणून. ताई परत आल्या आणि माझ्या ओट्याशी उभ्या राहिल्या.

मी म्हणालो, "ताई, काय वाईट आहे? टँकर मिळून राहिला, अट घालून राहिले. तुमची खुर्ची बी राहीन. खुर्चीवर बसून तुम्ही किती काम करान."

"परिस्थिती कुठं बदलली रे केमिस्ट?" त्या म्हणाल्या. "पाऊस दरसाल पडते. मीच नाही पाहिला."

जनसुनवाई शाळेच्या मैदानात होती. ठेकेदारानं ट्रक भरभरून माणसं आणली होती, त्यांना समोसे वाटले जात होते. पाऱ्याची माणसं मागच्या बाजूला जमिनीवर बसली होती. मंचावर अपर कलेक्टर अध्यक्ष, आणि बाजूला ताई. नियम असा की आमच्या अधिकाऱ्यानं फक्त ऐकायचं, टिपून घ्यायचं आणि वर पाठवायचं, बोलायचं नाही. ताईंनी त्यात आपला एक नियम घातला होता. बोलणाऱ्यानं आधी नाव सांगायचं, पारा सांगायचा आणि पाणी कुठलं पितो ते सांगायचं. त्यामुळे ट्रकमधून आलेल्यांची पंचाईत होत होती. एक जण म्हणाला, "पानी? जो मिल जाए." मैदान हसलं.

मग ठेकेदाराचा माणूस माईकवर आला. गोड आवाजाचा, शिकलेला. त्यानं ताईंचा जुना अहवाल उघडला आणि मोठ्यानं वाचला. कोरडी खदान. संबंध नाही. वाचून मंचाकडे हात केला आणि म्हणाला, "और ये किसी ऐसे-वैसे की नहीं, खुद मैडम की रिपोर्ट है. पूरा रायपुर जानता है, मैडम गलत नहीं लिखतीं." पाऱ्याची माणसं माना वर करून ताईंकडे पाहू लागली. त्यांच्यातल्या कोणाला हे आजवर माहीत नव्हतं. फुलेश्वरी दाईही पाहत होती. दाईनं आपल्या विहिरीचं पाणी ज्या बाईच्या हातात विश्वासानं दिलं, तीच ही बाई.

ताई उठल्या. मला वाटलं, माईक मागतील. त्यांनी हातातलं कागद-पेन अध्यक्षांसमोर ठेवलं, मंचाच्या पायऱ्या उतरल्या आणि बोलणाऱ्यांच्या रांगेत शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. पुढे एक पानठेलेवाला होता, तो बाजूला सरकून त्यांना जागा देऊ लागला. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, "मैडम, ये क्या कर रही हैं? अधिकारी के बोलने का नियम नहीं है." ताई तशाच उभ्या. पानठेलेवाल्याचं बोलणं झालं, मग ताई माईकसमोर आल्या.

"मेरा नाम शरयू खानझोडे. चौबे कॉलोनी. पानी नल का पीती हूं, ऊपर से फिल्टर का." "ये रिपोर्ट मेरी है. ये गलत है. मैंने खदान जेठ में देखी. सावन में देखनी थी. इस पारे के कुएं इसी खदान से खराब हुए, और दूसरी से जो बचे हैं वो भी होंगे. ये मेरा बयान है, लिख लीजिए."

ठेकेदाराचा माणूस हुशार. म्हणाला, "मैडम, मतलब तब सही थी, आज हालात अलग हैं?" हा धागा त्यानं त्यांना सुटता यावं म्हणूनच टाकला होता. अध्यक्षही आशेनं पाहत होते.

"तब भी गलत थी," ताई म्हणाल्या.

मैदानात कोणी टाळी वाजवली नाही. पुढे ऑफिसात ही गोष्ट सांगताना मीच टाळ्यांचा कडकडाट घुसडत असे. ताई मंचावर परत गेल्या, कागद-पेन उचललं आणि पुढच्या माणसाचं बोलणं टिपू लागल्या.

दुसरी खदान नामंजूर झाली. जुनीत कचरा टाकणं पुढे बंद झालं. ताईंना नोटीस आली, आधी चुकीच्या अहवालाची आणि मग मंचावरून उतरल्याची. वरची खुर्ची दुसऱ्याला मिळाली. ताईंना प्रशिक्षण विभागात बसवलं, जिथे ना प्रशिक्षण होतं ना विभाग. एक खोली आणि एक कपाट. तिथूनच त्या निवृत्त झाल्या. त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. एवढं मात्र झालं की त्यानंतर आमच्या खात्यात पावसाळी पाहणी सुरू झाली. नव्या पोरापोरींना चिखलात उतरावं लागलं की ते जुन्या मॅडमला शिव्या द्यायचे. मी ताईंना सांगितलं तर खूश झाल्या. "देऊ दे. चिखलात उभं राहून देऊन राहिले न?"

आम्ही त्यांना फार मोठं करून ठेवलं होतं. मंडळात त्यांचा सत्कार करायचं निघालं तेव्हा त्या चिडल्या. "शाल काहून? विहीर नासवली म्हणून?" सत्कार राहिला. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. जनसुनवाईनंतर त्या खदानपाऱ्याला कधी गेल्या नव्हत्या.

निवृत्तीनंतर त्यांचे गुडघे गेले. एका श्रावणात मी तिकडच्या विहिरींचे नमुने घ्यायला निघालो होतो, वाटेत त्यांना भेटायला थांबलो. कुठे चाललास म्हणून विचारलं, मी सांगितलं. काठी हातात घेऊन म्हणाल्या, "मले घेऊन चाल."

आता पक्का रस्ता झाला होता. खदानीवर माती टाकून झाडं लावली होती, लांबून बाग वाटावी अशी. पण खालचं जे होतं ते खालीच होतं, आणि दरसाल माझ्या बाटल्या तेच सांगत होत्या. पाऱ्यात टँकर यायचा. फुलेश्वरी दाई दारासमोर खाटेवर बसली होती, सुपात काही निवडत. शेजारी तिची विहीर, तोंडावर बाभळीच्या काट्या टाकलेली. ताई काठी टेकत तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. दाईनं डोळे बारीक करून पाहिलं आणि ओळखलं.

मी बाटल्या काढत होतो. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, आता म्हातारी हात जोडेल, आशीर्वाद देईल, आणि ताईंच्या जिवाला जरा बरं वाटेल. ताईंना बरं वाटावं असं मला फार वाटत होतं.

दाई म्हणाली, "बने करे मैडम, सबके आघू बोले." सगळ्यांपुढे बोललात, चांगलं केलंत. मग विहिरीकडे पाहून म्हणाली, "फेर मोर कुआँ त गे." पण माझी विहीर तर गेली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ताईंनी काही सावरून घेतलं नाही. नियम, घाई, ऊन, कशाचंही नाव काढलं नाही.

"हव दाई," त्या म्हणाल्या. "मोर सेती गे." माझ्यामुळे गेली.

दाई सूप हलवत राहिली. तिनं माफ केलं असं काही म्हटलं नाही, आणि नाही केलं असंही नाही. जरा वेळानं तिनं सूप उचलून मांडीवर घेतलं, खाटेवर जागा झाली. "बइठ," म्हणाली. ताई बसल्या. दोघी विहिरीकडे तोंड करून बसल्या होत्या.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी ताई गेल्या. मी दौऱ्यावर होतो, शेवटचं दर्शन झालं नाही. म्हणून माझ्यापुरत्या त्या अजून त्या खाटेवरच आहेत. त्या दिवशी माझे नमुने घेऊन झाले, पाऊस सुरू झाला, बाटल्या संध्याकाळच्या आत ओट्यावर पोचायला हव्या होत्या. मी जवळ जाऊन म्हणालो, "ताई, निघायचं न?"

त्यांनी मान वर केली नाही. पदर डोक्यावर ओढून घेतला.

"तू जा," म्हणाल्या. "पुतण्याले फोन कर, तो येईन घ्याले. दाईनं मले अजून जा म्हटलं नाही."